वरून पाहिलेलें शेंदूरजना

वऱ्हाडांत शेंदूरजना या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. तिवसा तालुक्यांत शेंदूरजना बाजार आहे, वाशीम जिल्ह्यांत मानोऱ्याकडे शेंदूरजना आढाव आहे, आणि आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तें वरुड तालुक्यांतील शेंदूरजनाघाट. यांतील ‘घाट’ हा शब्द शोभेकरितां लाविलेला नाहीं. गांवाच्या उत्तरेस दृष्टि टाकिली कीं सातपुड्याची रांग भिंतीसारखी उभी दिसते. तिच्या पलीकडे मध्यप्रदेशांत मुलताईचें पठार. तेथें उगम पावलेली तापी पश्चिमसमुद्राची वाट धरते. त्याच मुलुखांत जन्मलेली वर्धा मात्र दक्षिणेकडे वळते, आणि तिचें पाणी शेवटीं गोदावरींतून पूर्वसमुद्रास जातें. शेंदूरजन्याचे नाले वर्धेच्या बाजूचे.

अमरावतीहून मोर्शीमार्गें वरुड सुमारें नव्वद किलोमीटर. मोर्शी मागें पडली कीं कापूस व तूर यांच्यामधून संत्र्याचे बगीचे डोकावूं लागतात, आणि वरुडापुढें तर रस्त्याच्या दोहों अंगांस दुसरें कांहीं दिसेनासें होतें. या मुलुखास ‘विदर्भाचें कॅलिफोर्निया’ म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस ही उपमा कधींच फारशी रुचली नाहीं. वरुडचा संत्रा परक्या नांवावर विकावा इतका तो दरिद्री नाहीं. असो.

आम्ही गेलों तेव्हां संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. ज्यांच्या घरीं उतरलों ते आमचे जुने स्नेही. घर मोठें, आजोबा, आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडें असा सारा परिवार एका छपराखालीं नांदतो. बगीचा बारा एकरांचा. त्यांची नात नागपुरास भूगर्भशास्त्र शिकली, आणि पुढें विमानांतून व उपग्रहांतून घेतलेलीं चित्रें वाचण्याची विद्या तिनें हस्तगत केली. या विद्येस आपल्याकडे ‘सुदूर संवेदन’ असें नांव आहे. नांव जड आहे, परंतु गोष्ट ओळखीची आहे. आपण दुरून एखाद्याचा चेहरा पाहून ‘हा आजारी दिसतो’ असें म्हणतों. तेंच शेताच्या बाबतींत शास्त्रशुद्ध रीतीनें म्हणावयाचें.

बगीच्यांत उभें राहिलें असतां बगीचा दिसत नाहीं, ही गोष्ट आम्हांस प्रथम तेथें उमगली. दहा-वीस झाडें दिसतात, त्यांच्यापुढें पानांचा पडदा. प्रत्येक धन्यास आपल्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंतची माती ठाऊक असते. शेजाऱ्याची ऐकून ठाऊक असते. त्यापलीकडे केवळ तर्क. आणि ज्या पाण्यावर हे सारे बगीचे उभे आहेत त्या भूमिगत पाण्यास धुरा ठाऊक नाहीं. म्हणूनच वर चढून पाहण्याची आवश्यकता. पूर्वींच्या लोकांनीं त्यासाठीं टेकडी शोधली. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्टन १८२३ सालीं येथून जवळच हिंगणघाटास वारला; त्याचें काम जॉर्ज एव्हरेस्टनें पुढें चालविलें. त्या मोजणींतील एक मुख्य वेधस्थान वऱ्हाडांतील टाकळखेडा होतें. उत्तरेकडच्या डोंगरांच्या ओढीनें तेथें ओळंबा किंचित ढळतो, याचा हिशेब एव्हरेस्टनें आपल्या १८३० च्या ग्रंथांत मांडलेला आहे. ज्या पर्वतानें मोजणाऱ्याचा ओळंबा हालविला त्याच्याच पायथ्याशीं बसून त्याच्या पणत्या शोभतील अशा पिढींतील एक वऱ्हाडी मुलगी संगणकावर नकाशा काढीत आहे, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

टेकडीवरून विमानांत, विमानांतून उपग्रहांत, असा या विद्येचा प्रवास आहे. आपल्या देशांत ती रीतसर शिकविण्याचा उपक्रम १९६६ सालीं डेहराडून येथें सुरू झाला. पंडित नेहरू १९५७ सालीं हॉलंडांत गेले असतां तेथील माजी पंतप्रधान व छायाचित्रमापनशास्त्राचे अध्यापक शेर्मरहॉर्न यांच्याशीं त्यांचें बोलणें झालें. त्यांतून डच लोकांच्या साह्यानें ही संस्था उभी राहिली. आज ती भारतीय सुदूर संवेदन संस्था या नांवानें ओळखिली जाते, आणि तिचे कांहीं पाठ घरबसल्याही घेतां येतात. महाराष्ट्राचें स्वतःचें सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ सालीं नागपुरांत स्थापन झालें. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत नियमित सेवेसाठीं बनविलेला आपला पहिला भूनिरीक्षक उपग्रह, आयआरएस-१ए, सोव्हिएट भूमीवरील बैकोनूर येथून आकाशांत गेला.

परंतु उपग्रहापाशीं जाण्यापूर्वीं पहिला धडा पाहिला पाहिजे, आणि तो डोळ्यांचा आहे. आपले दोन डोळे सुमारें अडीच इंच अंतरावर आहेत, म्हणून प्रत्येकास वस्तूचें थोडें निराळें चित्र दिसतें. मन तीं दोनही जुळवितें व त्यांतून उंची आणि खोली निर्माण करतें. विमान एका रेषेंत उडतांना ठराविक अंतरानें चित्रें घेत जातें, तीं अशीं कीं प्रत्येक चित्राचा सुमारें साठ टक्के भाग पुढच्या चित्रांतही यावा. म्हणजे जणूं एका विशाल राक्षसाचा डावा डोळा आकाशांत येथें आणि उजवा डोळा शेंकडों हात पुढें. तीं दोन चित्रें शेजारीं ठेवून घनदर्शक नांवाच्या दोन भिंगांच्या साध्या उपकरणांतून पाहावयाचीं.

मुलीनें आपल्याच बगीच्याचीं ड्रोननें घेतलेलीं दोन चित्रें मेजावर मांडलीं व प्रथम आम्हांस बसविलें. पुष्कळ वेळ दोन धूसर चित्रें एकमेकांवर सरकत राहिलीं. डोळ्यांना पाणी आलें. ती म्हणाली, “काका, डोळ्यांवर जोर देऊं नका. दूर पाहत असल्यासारखें पाहा.” आणि एकाएकीं कागद खचला. झाडें गोंड्यांसारखीं वर उठून उभीं राहिलीं, धुरे उंचावले, नाला खालीं गेला. पुढें आजींची पाळी आली. त्यांनीं चष्मा सारखा केला, क्षणभर पाहिलें, आणि त्या एकदम मागें सरल्या. “अग बाई, विहीर! केवढी खोल गेली ही!” ती घरची जुनी विहीर होती. नव्या सून म्हणून आल्या तेव्हां तिला पंचवीस हात दोर पुरत असे, असें त्या म्हणाल्या. आतां ती उन्हाळ्यांतच नव्हे तर दिवाळीनंतरच कोरडी पडते. आजींनीं पुन्हां भिंगास डोळे लाविले नाहींत.

चित्र उठून दिसणें हा प्रारंभ झाला. तें वाचणें निराळें. ज्यांनीं मोडी शिकली आहे त्यांस हें लगेच पटेल. अक्षर ओळखीचें असूनही शब्द लागत नाहीं, आणि शब्द लागला तर तो मागच्यापुढच्यावरून लागतो. येथेंही तसेंच. रेखून ओळींनीं लाविलेले ठिपके म्हणजे बगीचा. त्यांतील ठिपक्याठिपक्यांत सुमारें सहा मीटर अंतर असेल तर संत्रा असण्याचा संभव अधिक. ठिपके अस्ताव्यस्त व दाट, आणि डोंगराचा उतार असेल तर सातपुड्याचें जंगल. नाल्याकांठची गडद पट्टी म्हणजे ओल. पांढुरकी, भुरकट जमीन म्हणजे बरड. सावलीवरून उंची कळते, आणि शेजारावरून ओळख पटते. शाळेस जसें पटांगण, तसें बोअरीस विजेचे खांब.

आणि कांहीं गोष्टी अशा कीं ज्या जमिनीवरून कधींच दिसणार नाहींत. नाला नैसर्गिकपणें वांकडातिकडा वाहावयाचा. तो जर अर्धा कोस अगदीं सरळ वाहूं लागला तर खालच्या काळ्या पाषाणांत फट आहे असा संशय घ्यावा. आमच्या वऱ्हाडाचा बहुतेक पाया त्या पाषाणाचा, म्हणजे सुमारें सहा-साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. तो स्वतः पाणी धरीत नाहीं. पाणी राहतें तें त्याच्या भेगांत, मुरुमांत व झिजलेल्या थरांत. म्हणून सरळ रेषा ही येथें पाण्याची खूण असते. सातपुड्याचा दक्षिण पायथाच अशा एका मोठ्या भूभंगावर आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास गाविलगड भ्रंश म्हणतात. मोर्शीजवळच्या सालबर्डीस आम्ही पूर्वीं यात्रेकरूंच्या बरोबर गेलों होतों, परंतु तेथील खडक त्या भ्रंशामुळें उघडे पडले आहेत हें आम्हांस उपग्रहाच्या चित्रावरील त्या सरळ कडेवर बोट ठेवून या मुलीनें सांगितलें.

आतां रंगाविषयीं. या चित्रांत हिरवीगार झाडें तांबडीभडक दिसतात, आणि घरच्या लहान मुलांस त्याचें भारी हंसूं येतें. कारण असें कीं हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, परंतु आपल्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश तें मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. तो अदृश्य प्रकाश दिसावा म्हणून चित्रांत त्यास तांबडा रंग देतात. पान आंतून बिघडलें कीं हा प्रकाश कमी होतो, आणि पुष्कळदां हें पान पिवळें पडण्यापूर्वींच घडतें. या तत्त्वाचा आपल्या देशांतील पहिला मोठा प्रयोग १९७० च्या सुमारास केरळांतील नारळीच्या बागांवर झाला. मुळें कुजविणाऱ्या रोगानें ग्रासलेले माड हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपून ओळखण्याचा तो प्रयत्न होता. त्याचे प्रवर्तक प्रोफेसर पिशारोटी हे त्यापूर्वीं पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. नारळीस जी युक्ति लागू पडली ती संत्र्यास कां लागू पडूं नये, असें वाटणें साहजिक आहे. डिंक्या, शेंडेमर, कोळशी यांनीं वरुडच्या बगीच्यांस कमी छळलेलें नाहीं.

परंतु येथें एक साधा हिशेब आड येतो. सहा मीटरांवर झाड, म्हणजे एका झाडाच्या वांट्यास छत्तीस चौरस मीटर. आयआरएस-१ए च्या बारीक कॅमेऱ्याचा एक ठिपका छत्तीस मीटरांहून किंचित मोठा चौरस होता; त्यांत सुमारें छत्तीस झाडें मावत. त्यांतील चार झाडें वाळलीं तरी ठिपका तसाच तांबडा. १९९५ च्या आयआरएस-१सी च्या रंगीत कॅमेऱ्यांत एका ठिपक्यांत पंधरा झाडें आलीं. युरोपचा सेंटिनेल-२ २०१५ पासून आकाशांत आहे, व त्याचीं चित्रें कोणासही फुकट मिळतात. त्याच्या दहा मीटरांच्या ठिपक्यांत अडीच-तीन झाडें येतात. एकेक झाड, एकेक फांदी पाहावयाची तर ड्रोन पाहिजे. जितकें उंच जावें तितका मुलूख मोठा दिसतो, आणि तितकें झाड हरवतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सारे बगीच्यांत गेलों. या विद्येंत जमिनीवर जाऊन चित्राची शहानिशा करणें हा अभ्यासाचा अपरिहार्य भाग मानतात, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोलाचा. मुलीच्या हातीं नकाशा, मागें आम्ही, पुढें घरचा जुना सालदार. संगणकानें नाल्याकांठीं एक तुकडा ‘संत्रा’ म्हणून रंगविला होता; जाऊन पाहतों तों तेथें बेशरमाचें रान माजलेलें. याहून मौजेची गोष्ट पुढें होती. शेजारच्या एका मोठ्या बगीच्याचा रंग जानेवारीच्या चित्रांत इतका फिका पडला होता कीं परक्यानें त्यास रोगाचा शिक्का मारला असता. परंतु तो बगीचा आंबिया बहाराचा. त्यास ताण दिलेला होता. शेतकरी डिसेंबरांत पाणी तोडतो, झाड मलूल होतें, पानें गाळतें, आणि मग हलकें पाणी दिलें कीं फुलानें लखडून येतें. मृग बहाराच्या झाडांवर मात्र याच दिवसांत फळ असतें, म्हणून त्यांचें पाणी चालू राहतें व तीं हिरवीं राहतात. म्हणजे एकाच धुऱ्याच्या अलीकडे पलीकडे एक बगीचा तांबडा, दुसरा फिका; आणि दोनही सारखेच निरोगी. हें डेहराडूनच्या पुस्तकांत कोठून असणार? तें या मुलीस पाळण्यांतून ठाऊक होतें.

पुढें एके ठिकाणीं मात्र ती थांबली. नकाशाप्रमाणें तेथें सारें ठीक होतें. सालदारानें काठीनें माती उकरली व म्हणाला, “ताई, हे झाड हिरवं दिसते, पन याच्या खाली मुरूम हाये. पान्याचा थेंब टिकत नाही तथी. यंदा तग धरलं, पुढच्या साली पाह्यजा.” तिनें तें टिपून घेतलें. तिच्या नकाशांतील ती नोंद आम्ही मागाहून पाहिली. तिजपुढें सालदाराचें नांव लिहिलेलें होतें.

आतां ज्या कारणानें हा नकाशा घरांत इतका महत्त्वाचा झाला होता तें सांगितलें पाहिजे. बगीच्यांत तीन बोअरी होत्या. तिसरी गेल्या उन्हाळ्यांत आटली. धाकट्या काकांचें म्हणणें चौथी मारावी, व ती आणखी खोल न्यावी. थोरल्यांचें म्हणणें कर्ज काढून पाताळ धुंडाळण्यांत अर्थ नाहीं. उत्तरेकडचा तुकडा सोडून द्यावा. तो तुकडा आजोबांनीं स्वतःच्या हातानें लाविलेला. एका स्वयंपाकघरांत दोन भाऊ दोन महिने एकमेकांशीं मोजकेंच बोलत होते, आणि आजोबा कोणाशींच बोलत नव्हते. वरुड तालुका भूजलाच्या सरकारी आकारण्यांत अनेकवार ‘अतिशोषित’ वर्गांत आलेला आहे. म्हणजे पाऊस जितकें पाणी जमिनींत घालतो त्याहून अधिक आपण वर ओढतों. हें वाक्य वर्तमानपत्रांत वाचणें निराळें, आणि त्यायोगें घरांतील ताटें निराळ्या वेळीं वाढलीं जाणें निराळें.

रात्रीं जेवणें झाल्यावर मुलीनें संगणक मधल्या खोलींत आणला. धाकटे काका पाणाड्यास बोलावून जागा ठरवून बसले होते. ते म्हणाले, “पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरतो, तूं संगणक घेऊन फिरतेस. फरक तो काय?” ती न रागावतां म्हणाली, “काका, त्याचें चुकलें तर कां चुकलें हें त्याला सांगतां येत नाहीं. माझें चुकलें तर मला चूक शोधतां येते. आज सकाळींच दोन सांपडल्या.” मग तिनें प्रत्येक वर्षाच्या मे महिन्याचीं चित्रें एकामागून एक दाखविलीं. बगीच्याचा उत्तरेकडील सुमारें दोन एकरांचा तुकडा दरवर्षीं सर्वांच्या आधीं फिका पडत होता. पाऊस चांगला झालेल्या वर्षींही. नंतर तिनें नाल्याची ती सरळ रेषा पुढें वाढविली. आपल्या तीन व शेजाऱ्यांच्या सहा, अशा नऊ बोअरी तिच्यावर मण्यांसारख्या ओंवलेल्या होत्या, आणि पाणाड्यानें दाखविलेली जागाही तिच्यावरच. एका रांजणांत नऊ तांबे बुडत आहेत. दहावा घातल्यानें रांजण भरत नाहीं. इतकें तिनें सांगितलें. मात्र रांजणांत नेमकें पाणी किती, हें चित्रावरून कळत नाहीं, हेंही तिनें लपविलें नाहीं. त्यास विहिरींत दोर सोडून वर्षानुवर्षें पातळी मोजावी लागते.

धाकट्या काकांनीं तत्काळ होकार दिला असें नाहीं. त्यांनीं एक प्रश्न विचारला, जो आम्हांस आजही टोंचतो: “आपण बोअर मारली नाहीं म्हणून शेजारी थांबणार आहे काय? आपलें वांचविलेलें पाणी त्याच्या झाडांना जाईल.” मुलगी गप्प राहिली. तेव्हां आजोबा इतक्या दिवसांत पहिल्यानें बोलले. ते म्हणाले, “तो नकाशा त्यांच्याकडेही घेऊन जा.”

शेजाऱ्यांपैकीं दोघे आले, एकानें येण्याचें टाळलें. एकाचा संशय निराळाच होता: आकाशांतून आमचें शेत पाहतां, मग उद्यां व्यापाऱ्यास आमच्या आधीं आमचा माल ठाऊक होईल. हा संशय अगदींच निराधार नव्हे. फळबागांचें क्षेत्र व उत्पन्न उपग्रहावरून अजमावण्याची ‘चमन’ नांवाची केंद्र सरकारची योजना २०१४ सालीं सुरू झाली, आणि तिच्या सात पिकांत लिंबूवर्गीय फळेंही होतीं. पूर्वीं हवाई चित्रें संरक्षणखात्याच्या कुलपांत असत. २०२१ च्या नव्या नियमांनीं देशी लोकांस नकाशे करण्याची पुष्कळ मोकळीक मिळाली. कुलूप निघालें तें सर्वांसाठींच निघालें. ज्याच्या घरीं चित्र वाचणारें माणूस आहे त्यास तें उपयोगीं पडेल, ज्याच्या घरीं नाहीं त्याच्याविरुद्ध तें कोणी तरी वाचील. म्हणून घरोघरच्या एखाद्या तरी मुलानें अथवा मुलीनें ही लिपि शिकावी असें आम्हांस मनापासून वाटतें, आणि तिच्यासाठीं गांव सोडून गेलेल्यांनीं सुटींत तरी गांवीं येऊन ती वापरावी.

आम्ही निघण्याच्या दिवशीं सकाळीं थंडी कडक होती. चौथ्या बोअरीची बोलणी पुढल्या पावसाळ्यापर्यंत थांबली होती. उत्तरेकडच्या तुकड्याचें पाणी तोडून तें उरलेल्या दहा एकरांस द्यावयाचें ठरलें होतें, आणि तेथें पुढें तूर घ्यावी कीं कसें याचा खल चालला होता. सालदार चुन्याचें घमेलें घेऊन सोडावयाच्या झाडांच्या बुंध्यावर एकेक पट्टा ओढीत होता. धाकटे काका त्याच्या मागून चालत झाडें मोजीत होते. आजोबा धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. दोनशें सहा झाडें भरलीं. नकाशांत दोनशें अकरा होतीं. मुलगी पुन्हां पहिल्या ओळीपासून मोजूं लागली.